बदली प्रतिनिधी वर्ना

चाळीस वर्षं वर्ना ग्रॉटबर्ग पक्षाच्या प्रत्येक अधिवेशनाला गेली आणि एकदाही तिनं मत दिलं नाही. ती बदली प्रतिनिधी. खरा प्रतिनिधी नवरा, ओर्लिन. तो आला नाही तरच हिचा नंबर, आणि तो कसला चुकवतोय! एकदा तापानं फणफणलेला असताना ब्लँकेट गुंडाळून आला होता. मग ही बिचारी दोरीपलीकडच्या खुर्चीवर बसायची, घरून आणलेल्या ओटच्या वड्या वाटायची आणि आत नवरा टोर्स्टन काउंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, पाटी काठीवर उंच धरून उभा राहायचा. पाटी वर गेल्याशिवाय अध्यक्ष बघत नाहीत, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मिनेसोटातल्या आमच्या भागाची ही रीतच आहे.

त्या वर्षी साथीमुळं अधिवेशन व्हिडिओवर घ्यायचं ठरलं. पक्षाच्या उमेदवारीसाठी दोघं उभे होते, वर्नाच्या आवडीची एक शाळामास्तरीण आणि ओर्लिनच्या पसंतीचा लार्स ऑफ्टेडाल. ओर्लिन वृद्धाश्रमात होता, फुप्फुसं पार खलास झालेली. आत कुणालाच सोडत नव्हते. वर्ना खिडकीबाहेर उभी राहून फोनवर बोलायची.

"यंदा मला बसू दे की," ती म्हणाली.

"म्हणजे तुझ्या त्या मास्तरणीला उमेदवारी! माझ्या लार्सनं काय करायचं मग?" तो खोकत खोकत हसला. "हे शेवटचं, वर्ना. पुढच्या वेळेपासून तूच."

शेवटचं म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. त्या एका मतासाठी तो तग धरून होता, हे मी त्याच खिडकीतून डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या हट्टापायी वर्नानं पाटीसुद्धा दारातून नर्सच्या हाती दिली.

शनिवारी वर्ना स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसली. अध्यक्षीणबाईंनी बजावलं, नाव पुकारलं की चेहरा दिसला पाहिजे आणि आवाज आला पाहिजे. तीनदा पुकारू, नाहीतर बदलीला विचारू.

"टोर्स्टन काउंटी. ओर्लिन ग्रॉटबर्ग."

तिकडं वृद्धाश्रमात पलंगावरून ओर्लिननं सवयीनं पाटी उचलली आणि थेट कॅमेऱ्यापुढं धरली. पडद्यावर त्याच्या चौकटभर नुसती अक्षरं, आणि अध्यक्ष 'बोला' म्हणेपर्यंत आवाज त्यानं बंदच ठेवलेला.

"अरे, खाली घे ती!" वर्ना ओरडली. पण बदली माणसांचे आवाज कचेरीतून बंद केलेले होते. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. पाटी काही खाली आली नाही.

"प्रतिनिधी गैरहजर. बदली, वर्ना ग्रॉटबर्ग, तुमचं मत?"

आता तिचा आवाज चालू झाला. "बाई, तो तिथंच आहे हो. पाटीच्या मागं बसलाय."

"माफ करा, नियम आहे. तुमचं मत?"

मास्तरीणबाईंसाठी तिनं हिवाळाभर बर्फातून दारोदार पत्रकं वाटली होती.

"लार्स ऑफ्टेडाल," ती म्हणाली.

दुपारी ओर्लिनचा फोन आला. "ऐकलं मी." तो धापा टाकत होता. "तुझी पाळी होती गं. चाळीस वर्षं मी अडवून धरलेली. तीही माझ्यासाठी घालवलीस."

"गप्प पड आता."

"मला फार वाईट वाटतंय, वर्ना."

नर्सनं फोन काढून घेतला. बुधवारी तो गेला. ते त्याचं शेवटचं बोलणं, आणि वर्नाला ते अजून सहन होत नाही. त्याला आनंद व्हावा म्हणून तर तिनं ते नाव घेतलं होतं.