अंड्यांच्या मशीनवर एकोणीस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं सांगताना मला अजूनही तोंड कुठे लपवू असं होतं. दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत, माझ्या एकट्याच्या हातून झालेला घोळ आहे हा.

साताऱ्याहून नोकरीसाठी मैसूरला आलो त्याला बारा वर्षं झाली. हिनकलला घर आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे कोंबड्या पाळायचं माझ्या डोक्यानं घेतलं. आता तयार कोंबड्या आणण्यात काय मजा? आपण अंड्यापासून सुरुवात करायची! म्हणून अंडी उबवायचं छोटं मशीन मागवलं. दहा अंडी दिली अंजनाक्कांनी. त्या बायकोचे ब्लाउज शिवतात. देवराज मोहल्ल्यात त्यांच्या यजमानांचं शिलाईचं दुकान आहे, घर नजरबादला, आणि परसात कोंबड्या. चार पिढ्या मैसुरात काढलेलं मराठी घर.

अंडी मशीनमध्ये गेली आणि माझं घरातलं लक्ष उडालं. पडद्यावर साडेसदतीस अंश दिसलं की माझा जीव भांड्यात पडायचा. स्मिता, म्हणजे बायको, म्हणाली की आपल्या मुलीला गोवर झाला तेव्हासुद्धा तू इतक्यांदा ताप बघितला नव्हतास.

पिल्लं बाहेर यायला दोनच दिवस उरले होते. सकाळी मशीनवरची धूळ फडक्यानं पुसली, चहा ठेवून आलो आणि बघतो तर काय, पडद्यावर एकोणीस! साडेसदतीसचं थेट एकोणीस! तुमचं काय झालं असतं?

झाकण उघडलं. अंडी हाताला चांगली गरम लागत होती. म्हटलं, नशीब, अजून ऊब टिकून आहे! एक अंडं कानाला लावलं तर आतून टकटक. आत कुणीतरी दार वाजवतंय आणि बाहेर थंडी पडलीय, असं वाटून मला अक्षरशः भरून आलं.

अंजनाक्कांना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका हो. आमची कोळी खुडूक बसलीय, तिच्याखाली ठेवू. बेगा या, उशीर नको."

कोळी? माझ्या डोळ्यांपुढे आठ पायांचा कोळीच आला! मग आठवलं, कन्नडमध्ये कोंबडीला कोळी म्हणतात.

पोळ्या गरम ठेवायचा डबा काढला, तळाशी टॉवेल घातला, त्यात दहाही अंडी मांडली. झाकण जरासं तिरकं ठेवलं, पिल्लांना हवा नको का! स्मिताला मशीन चालूच ठेवायला सांगितलं, कारण कंपनीला पुरावा दाखवायचा होता. पडद्याचा फोटो काढून रिक्षात बसल्या बसल्या खरमरीत तक्रार लिहून पाठवलीसुद्धा.

रिक्षावाल्याला हळू चालवायची विनंती केली, तर त्यानं डब्यात काय आहे विचारलं. पिल्लांना कन्नडमध्ये काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. म्हणून सांगून टाकलं, "हत्तु मक्कळु." म्हणजे दहा लेकरं! त्यानं आरशातून डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि नजरबाद येईपर्यंत एकाही खड्ड्यात चाक घातलं नाही.

अंजनाक्कांची तांबडी कोंबडी टोपलीत फुगून बसली होती. त्यांनी एकेक अंडं तिच्या पोटाखाली सरकवलं. तिनं मला हातावर एक सणसणीत टोच मारली आणि अंडी चोचीनं आत ओढून घेतली. मी जग जिंकल्यासारखा घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मितानं सांगितलं, मशीनवर आता वीस आहे. मी तिला समजावलं की बिघाड आपोआप सुधारतोय, रोज एक अंश चढतोय. तिनं फक्त विचारलं, मशीनचं माहितीपत्रक कुठे ठेवलंय.

तिसऱ्या दिवशी एकवीस! मी खुशीत सांगायला गेलो, तर ती माहितीपत्रक हातात घेऊन मशीनपुढे उभी. तिनं पडद्याखालचं बटण दाबलं. साडेसदतीस. पुन्हा दाबलं. एकवीस.

"हे तापमान नाही," ती म्हणाली. "कितवा दिवस आहे ते दाखवतंय. फडकं मारताना तू बटण दाबलंस."

म्हणजे गेले तीन दिवस ते बिचारं मशीन रिकाम्या जागेला साडेसदतीस अंशांची ऊब देत बसलं होतं! आणि मी फोटोसकट त्याची तक्रार करून मोकळा!

तेवढ्यात अंजनाक्कांचा फोन. नऊ पिल्लं आली होती! आम्ही दोघं धावतच गेलो. तांबडीच्या पंखांतून पिवळी, काळी डोकी डोकावत होती, आणि ती आम्हाला जवळ फिरकू देईना. बघताना मला इतका आनंद झाला की न राहवून सगळी हकिगत अंजनाक्कांना सांगून टाकली. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग डोळे पुसत, अगदी काळजीनं त्यांनी विचारलं, "तुमी ऑफिसात काय काम करता हो?"

स्मितानंच सांगितलं.

"मशीनच्या पडद्यावरचे आकडे अडाण्यालाही कळतील ना, ते तपासतात."