मुसी नदीच्या काठी घेतलेलं नाव

जाऊबाई परवा गेल्या. भेटायला आलेल्या बायांत दोघी-तिघी कुजबुजल्याच, तेच, जे आमच्या तलवाड्यात इतकी वर्षं बोललं जातं. आज देवापुढं दिवा लावला आणि वही घेऊन बसले. एरवी या वहीत उपास-पारणी, आलागेला, गाईचं विणं असलंच लिहिते. आज जाऊबाईंचं, भिवराबाईंचं लिहिते.

त्या चौसाळ्याकडच्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि हसणं असं की विहिरीवर हसल्या तर वेशीत कळावं. माझे वडील देवळात पोथी वाचायचे, त्यांनी मला अक्षरं शिकवलेली. त्याचं जाऊबाईंना भारी कौतुक. पीठ मळता मळता विचारायच्या, "काय लिव्हतीस गं धाकटे? माजं काळंबेरं लिव्हू नगं. लिव्हलंस तरी मला कुठं वाचाया येतंय, तुजं नशीब!"

हळदीकुंकवात नाव घ्यावं तर त्यांनीच. एरवी नवऱ्याचं नाव बाईनं तोंडात आणायचं नाही, त्याचं आयुष्य घटतं. उखाण्यात गुंफून घेतलं तर चालतं, आणि त्या असं गुंफायच्या की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. थोरले भावजी ओसरीवर बसून ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग भावजी हैदराबादेला गेले. जमिनीचा मुकदमा होता. पितरांच्या पंधरवड्यात घराबाहेर पडू नये म्हणतात, पण कोर्टाची पेशी कुणासाठी थांबते? "घट बसायच्या आत येतो," म्हणाले. नदीकाठच्या सराईत उतरलेत एवढाच निरोप आला. घट बसले आणि तिथल्या मुसी नदीला तो पूर आला. मामंजी शोधायला गेले, खाली मान घालून परतले. ना माणूस, ना प्रेत, ना अंगावरचं धडुतं.

जाऊबाईंनी कुंकू पुसलं नाही. मंगळवारी गावच्या त्वरितादेवीची ओटी भरायच्या, सवाष्ण म्हणून जेवायला जायच्या. पोरबाळ नव्हतं. हळदीकुंकवात बायांनी नाव घ्या म्हणून धरलं की म्हणायच्या, "ते आल्यावर घेईन." पुढं बायांनी धरणंच सोडलं.

बारा वर्षं सरली. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. मामंजी तोवर वारले होते. सासूबाई एक दिवस चुलीपाशी येऊन बसल्या.

"भिवरा, माज्या लेकराला बारा वर्सं पाण्याचा घोट पोचला न्हाई. आता तू आडवी येऊ नगंस."

जाऊबाई जाळ सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला एकडाव तितं जाऊन बघू द्या. न्हाई घावले तर मीच व्हय म्हणीन."

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "जा," म्हणाल्या. "सवाष्णीच्या डोळ्यानं बघायचं ते बघून घे. हातभर बांगड्या भर. माघारी आलीस की मग..."

गावात सांगितलं, हैदराबाद बघायला चाललो. आमच्या घरचे, जाऊबाई आणि मी. जालन्यापर्यंत बैलगाडी, तिथून रेल. जाऊबाईंच्या मांडीवर एक गाठोडं होतं, शेंगदाण्या-गुळाच्या लाडवांचं. गाडीत भूक लागली तशी हे म्हणाले, "वहिनी, एक लाडू तर सोडा."

"ते तुमचे न्हाईत, भावजी."

"बरं, वास तरी घेऊ का?"

त्या हसल्या. त्यांचं ते जुनं मोठं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही.

हैदराबादेला आम्ही बेगमबाजारातल्या धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी टांगा केला. चारमिनार पाहिला. मी वर बघून बघून मान दुखवून घेतली. जाऊबाईंनी एकदाही वर पाहिलं नाही, त्या खालून जाणारी माणसं बघत होत्या. कुणाची चाल, कुणाची पाठ. हुसेनसागराला एवढं पाणी बघून मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "पाणीच की," आणि काठाला बसलेल्या माणसांकडं वळल्या. लाडबाजारात मात्र कोपरापर्यंत बांगड्या भरून घेतल्या. "भेटले तर मोकळ्या हातानं का उभी राहू?"

दिसेल त्याला विचारायच्या. उंच हायेत, भुवईवर वण हाय, दंडावर मारुती गोंदलाय. टांगेवाला म्हातारा मुसलमान होता, भला माणूस. शेवटी तोच घोडा थांबवून मागं वळला.

"नाम क्या बोले माँ? नाम बोलो, मैं पूछताऊँ."

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी तरी कशी घेणार? थोरल्या दिराचं नाव मलाही वर्ज्य. त्यांनी यांच्याकडं पाहिलं. हे दुसरीकडं बघत होते. हे भावजींना शोधायला नव्हे, वहिनींच्या समाधानासाठी आले होते, हे मला तेव्हा कळलं.

"मर्द का नाम नै लेते?" म्हातारा डोकं हलवत म्हणाला. "नाम बिगर इत्ते बड़े शहर में कैसा ढूंढना, माँ?"

संध्याकाळी त्यानंच आम्हाला नदीवर नेलं. मुसी तेव्हा गुडघाभर होती. धोबी कपडे आपटत होते, म्हशी बसल्या होत्या. हीच ती नदी, हे पटेना. काठाशी एक जुनी चिंच होती. टांगेवाल्यानं चाबकानं दाखवलं. पुरात कितीतरी लोक या चिंचेवर चढले आणि वाचले.

जाऊबाई खाली उतरल्या. चिंचेच्या बुंध्याला हात लावून वर बघत राहिल्या. चारमिनार न पाहिलेली बाई ती चिंच शेंड्यापर्यंत बघत होती.

"पाणी कुठवर आलतं?"

म्हाताऱ्यानं चाबूक वर, आणखी वर नेला.

"धाकटे," त्या मला म्हणाल्या, "ते झाडावर लई चपळ. आमच्या चौसाळ्याच्या आंब्याच्या शेंड्याला जायाचे. हितं असते तर वाचले असते. वाचले असते तर घरी आले असते. व्हय का न्हाई?"

हे पाठमोरे उभे होते, उपरणं डोळ्याला लावून. जाऊबाईंनी डोईवरचा पदर नीट केला, पाण्याच्या कडेला गेल्या आणि विहिरीवर मारायच्या तशी हाक मारली.

"आसाराम!"

धोब्यांचे हात थांबले. मी कानांवर हात ठेवले. त्यांनी पुन्हा मारली. "आसाराम! ओ आसाराम!"

पलीकडच्या उतारावर पोतं टेकून बसलेला एक हमाल उठला. "कोन बोलिवतंय?"

जाऊबाई तशाच पाण्यात शिरल्या. लुगडं भिजलं. मी मागं धावले. अर्ध्यावर त्या थांबल्या. माणूस बुटका होता, वयानंही आमच्या यांच्याहून लहान.

"म्याच आसाराम. परभनीकडला," तो म्हणाला. "काय पायजे, आक्का?"

त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. "काई न्हाई रे बाबा. तुजी बायकू हाय का?"

"हाय की. गावाकडं."

"मग हितं कावून बसलास? जा घरी."

तो गोंधळून हसला. जाऊबाई माघारी आल्या, टांग्यातलं गाठोडं घेतलं, या वेळी पाणी ओलांडून पलीकडं गेल्या आणि ते त्याच्या पोत्यावर ठेवून आल्या. यांना म्हणाल्या, "भावजी, चला. माजं हैदराबाद बघून झालं."

पुतळ्याला अग्नी राक्षसभुवनला, गोदावरीच्या काठी दिला. भटजींनी गेलेल्याचं नाव विचारलं. यांचा हुंदका आवरेना, सासूबाई तर जमिनीला टेकल्या होत्या. मग बायांच्या मागून जाऊबाईंनीच सांगितलं, आसाराम. शांतपणे. लाडबाजारच्या बांगड्या तिथंच, नदीच्या दगडावर फुटल्या. काचांवर ऊन पडलं होतं ते मला अजून दिसतं.

गावात काय ते कळायला किती वेळ लागतो? बाया म्हणू लागल्या, नवरा कुठंतरी जिवंत असेल, भिवराबाईनं भर नदीत त्याचं नाव घेतलं आणि मारला. परवा त्यांच्या प्रेताजवळ बसूनही हेच. जिवंतपणी त्यांच्याही कानावर जायचं. एका पहाटे आम्ही दोघी जात्यावर बसलो होतो. मी न राहवून म्हटलं, "बाई, तुम्ही कुणाला काही बोलत कशा नाही?"

त्यांनी जात्यात मूठभर जोंधळा टाकला.

"बारा वर्सं नाव घेतलं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तवा तरी कुठं आले?"

आणि खुंट्याला हात घालून दळू लागल्या. मीही हात लावला.