कौतिकाला पाहायचं होतं

कौतिकाच्या मुलाचा, विनोदचा फोन आला तेव्हा मी ओसरीत बसून तुरीची डाळ पाखडत होते. "मावशी, माय गेली," एवढंच म्हणून तो थांबला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, शेवटी फार त्रास झाला का रे? तो म्हणाला, त्रास नाही झाला, पण आदल्या दिवशी तिनं डॉक्टरांना पार हैराण केलं. तुम्ही एवढी माणसं जाताना पाहिली, जीव आधी पायांतून जातो की डोक्यातून, तुमच्या काय ध्यानात आलं, असं ती त्यांना विचारत होती. डॉक्टर तरुण होते, गडबडून गेले. सांगता सांगता विनोद रडत होता आणि मध्येच हसलाही, आणि इकडे माझंही तसंच झालं. कौतिकाला ओळखणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. आमची ओळखच मुळी तिच्या एका प्रश्नातून झाली होती.

आम्ही धनगर. आर्वीपासून दोनेक कोसांवर आमचं गाव. बाबांचा मेंढरांचा बऱ्यापैकी कळप होता, आणि थंडीच्या दिवसांत तो गावालगतच्या पडीक वावरात बसलेला असायचा. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत यायला काट्यांचीच एक झाप. मेंढ्या विण्याचे दिवस तेच. शेजारच्या वावरात कापूस वेचायला बाया यायच्या, त्यांत कौतिका असायची. आम्ही दोघी एकाच वयाच्या, दोघींच्या लग्नाचं घरात बोलणं सुरू झालेलं. एका दुपारी ती ओटीत कापूस तसाच घेऊन कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "ते मेंढी पाय काऊन आपटून राह्यली वं?" मी पाहिलं. नुकतीच व्यालेली मेंढी होती, समोर आमचा कुत्रा आला होता, म्हणून ती पुढचा पाय आपटत होती. मी जन्मापासून मेंढरांत वाढलेली, हे रोज पाहत आलेली, पण ती असं का करते हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. मी म्हटलं, तसंच करतात त्या. कौतिकाचं त्यावर समाधान झालं नाही. ती कापूस मोजून देऊन परत आली आणि बाबांनाच जाऊन विचारलं. बाबा म्हणाले, ती कुत्र्याला सांगते की पुढं येऊ नको, इथं माझं लेकरू आहे. ते ऐकून तिचा चेहरा असा उजळला, की जणू तिला कुणी नवं लुगडंच दिलं.

त्यानंतर ती रोज यायची. कोकराची शेपटी दूध पितानाच एवढी का हलते, जुळ्यातलं एक नेहमी बारकंच का, मेंढी वार पडेपर्यंत उठत का नाही... बाबांना सुरुवातीला गंमत वाटायची, मग त्रास व्हायला लागला, आणि मग ते तिची वाट पाहायला लागले. एवढ्या कोकरांत मेंढी आपलं कोकरू कशी ओळखते, हा तिचा सगळ्यांत मोठा प्रश्न होता. बाबा म्हणाले, वासानं. कौतिकाला ते नुसतं ऐकून पटेना. बाबा आर्वीच्या बाजाराला गेल्याचं पाहून तिनं एका मेंढीच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. मेंढीनं चाचपडत, हुंगत आपलं कोकरू बरोबर शोधलं. मग तिनं फडकं सोडलं आणि कोकराच्या शेपटीखाली कडुलिंबाचं तेल चोळलं. मेंढीनं हुंगलं आणि कोकराला अशी धडक दिली की ते कोलमडून दूर पडलं. कौतिकानं टाळीच वाजवली. पण संध्याकाळ झाली तरी मेंढी त्या कोकराला जवळ घेईना, तेव्हा दोघींचंही धाबं दणाणलं. बाबा आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोमट पाण्यानं कोकरू धुतलं, त्या मेंढीचंच दूध पिळून त्याच्या पाठीला आणि शेपटीला चोळलं, आणि मेंढीचं डोकं मांडीत दाबून धरून त्याला प्यायला लावलं. कौतिकाला ते खूप बोलले. ती मान खाली घालून उभी होती, आणि बाबांचं बोलून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, दूध पाठीलाच का चोळलं? तोंडाला का नाही?

कौतिकाची माय गावची सुईण. कौतिका महारवाड्यातली, हे मी अजून सांगितलं नाही, कारण तेव्हा ते न सांगताच सगळ्यांना ठाऊक असायचं. तिच्या मायच्या हातून गावातली अर्धी लेकरं जन्मली, पण बारशाच्या दिवशी तिचं ताट अंगणात असायचं. आमच्या कळपातही, बाबा बाजाराला गेले तो दिवस सोडला तर, कौतिका कुंपणाच्या बाहेरूनच पाहायची. कोकरू पाहायचं असलं की मी ते उचलून तिच्याजवळ न्यायची. छप्पन सालच्या दसऱ्याला त्या वस्तीतली सारी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्यावर त्यांनी ठरवलं, मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावकीची कामं करायची नाहीत. तिच्या मायनं सुईणपणही सोडलं. आणि कौतिकालाही सांगितलं की आता धनगरांच्या कळपात जायचं नाही, कोकरू अडलं की बोलावतील आणि एरवी काट्याबाहेर उभं करतील.

थंडी लागली, कळप पुन्हा वावरात बसला, पण चार-आठ दिवस ती आलीच नाही. मग एका सकाळी आली, कुंपणाशी न थांबता सरळ झापेपाशी गेली आणि बाबांना म्हणाली, काकाजी, मी आता बाहेर उभी राहणार नाही. तुमची यमुना बसते तशी आत, शेकोटीपाशी बसेन. चालत असलं तर येते, नाही तर हे शेवटचं. बाबा घोंगडीची दशी बोटाला गुंडाळत, सोडत बसले. मग उठले आणि त्यांनी झाप बाजूला सरकवली. त्यावरून माझी माय बाबांशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. भाकरी त्यांच्या पुढ्यात आपटायची. आमच्या नात्यातल्या माणसांनीही बाबांना ऐकवलं. बाबा ऐकून घ्यायचे, पण कौतिकापुढं झाप काही त्यांनी पुन्हा लावली नाही.

त्याच थंडीत कौतिकाचं लग्न पुलगावला ठरत होतं. मुलगा गिरणीत होता, मुलाचे वडीलही गिरणीत. वडील दीक्षेच्या कामात पुढं असलेले, वाचणारे, शब्दाचे पक्के. ते मुलगी पाहायला आले त्याच दिवशी आमची काळतोंडी मेंढी अडली. सकाळपासून कळा देत होती. एक पाय बाहेर आलेला, दुसऱ्याचा आणि डोक्याचा पत्ता नाही. बाबांच्या तळहातात बाभळीचा काटा मोडून हात कोपरापर्यंत सुजला होता, बोटं मिटत नव्हती. चुलतभाऊ कळप घेऊन दूर गेलेला. बाबांनी मला सांगितलं, कौतिकाला विचारून पाहा, तिचा हात तुझ्याहून लहान आहे. मी धावत तिच्या घरी गेले तर दारात पाहुणे बसलेले, आणि आत ती नवं लुगडं नेसून चहाची भांडी मांडत होती. मी मागच्या दारानं तिला सांगितलं. तिनं मला दोनच गोष्टी विचारल्या, कोणता पाय बाहेर आहे आणि खूर वर आहे की खाली. मग पदर खोचला. तिची माय आडवी आली. दबक्या आवाजात म्हणाली, "सोयरे दारात बसले हायेत. त्याहिले काय सांगू? पोरगी मेंढीचं बाळंतपण करायले गेली म्हणून?" कौतिका म्हणाली, "तेच सांगजो." आणि निघाली.

आम्ही कळपात पोचलो तोवर मेंढी मान टाकून पडली होती. कौतिकानं ऊन पाण्यानं हात धुतले, कोपरापर्यंत जवसाचं तेल लावलं आणि मेंढीच्या मागं गुडघ्यांवर बसली. बाबा बाजूला बसून सांगत होते, कळ येईल तेव्हा थांब, कळ सरली की हात पुढं ने. तिनं आधी बाहेरचा पाय हळूहळू आत सारला. मग डोळे मिटून आत चाचपत राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो... भीती नव्हतीच त्यावर. अंधाऱ्या खोलीत नवी वस्तू हाताला लागावी आणि ती काय आहे ते बोटांनी ओळखावं, तसा होता तो. डोकं मागं वळलंय, पाठीवर टेकलंय, असं ती मोठ्यानं सांगू लागली. जबडा सापडला... आता वळतंय... दुसरा पाय गुडघ्यात दुमडलाय. बाबा म्हणाले, खूर मुठीत झाक, नाहीतर आत जखम होईल. मग दोन्ही पाय आणि त्यांवर ठेवलेलं डोकं एका ओळीत आलं, मेंढीनं एक मोठी कळ दिली, कौतिकानं खालच्या अंगाला ओढ घेतली, आणि ओलं, पिवळट, लुळं कोकरू तिच्या नव्या लुगड्यावर येऊन पडलं.

ते श्वास घेत नव्हतं. तिनं बोटानं त्याच्या तोंडातला चिकटा काढला, मागचे पाय धरून त्याला झुलवलं, गवताची काडी नाकात फिरवली. मी गोणपाटानं छाती चोळत होते. एकदा शिंकलं ते, मग डोकं हलवलं. माझी माय एवढा वेळ चुलीपाशी पाठ करून बसली होती, ती शिंकेच्या आवाजावर उठून आली आणि आणखी एक गोणपाट पुढं केलं. कोकराला मेंढीच्या तोंडापाशी ठेवलं तशी ती चाटायला लागली. आचळांतून चिकाची पहिली धार मोकळी करून दिली, आणि थोड्या वेळानं ते धडपडत उभं राहून प्यायला लागलं. मागून दुसरंही आलं, पण ते मेलेलं होतं. कौतिकानं तेही मांडीवर घेतलं आणि उलटसुलट करून पाहत बसली, नाळ, तोंड, पोट... ते का गेलं असेल, याचं उत्तर तिला कुठंतरी सापडेल म्हणून.

तेव्हा आमचं लक्ष गेलं, की झापेशी एक माणूस उभा आहे. पांढरं धोतर, काळी टोपी. मुलाचे वडील. ते तिच्या मागोमागच आले होते आणि सारं पाहत होते. मागून तिची माय धापा टाकत आली आणि काही बोलणार तोच त्यांनी हातानं तिला थांबवलं. कौतिका उठून उभी राहिली. लुगडं भरलेलं, हात रक्ताळलेले.

"पोरी, हे काम तुले कोणं सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाई सांगतलं," ती म्हणाली. "मले पाह्यचं होतं."

"काय पाह्यचं होतं?"

"आत कसं राह्यते ते. अन् बाहीर कसं येते ते."

मला वाटलं, मोडलं लग्न. तिच्या मायनं तर डोळ्यांना पदर लावला होता. मग ते आत आले, उकिडवे बसले, चुरूचुरू पिणाऱ्या कोकराकडं पाहत राहिले आणि म्हणाले, "दुसऱ्यानं सांगून करून घेतलेलं आपण सोडलं. हे तसं नाई. पण मंग अर्धवट नको पाहू. पुरतं शिक."

आणि त्यांनी शब्द पाळला. लग्न झाल्यावर पुलगावला सासऱ्यांनीच तिची पुस्तकं आणली. विनोद पोटात असताना ती सातवीच्या परीक्षेला बसली. पुढं वर्ध्याच्या दवाखान्यात बाळंतपणाचं शिक्षण घेतलं आणि नर्स होऊन आर्वीलाच आली. मीही तोवर शिकून आर्वीतच शाळेत शिकवायला लागले होते. माझी थोरली पायाळू, ती कौतिकाच्या हातावर झाली. कळांनी मी बेजार झालेली आणि ही मला विचारत होती, आता नेमकं कुठं दुखतंय, कंबरेत की पोटात, आणि कसं दुखतंय ते सांग. मी तिला शिव्या दिल्या. नंतर पुष्कळ वर्षांनी तिनं सांगितलं की तुझ्या शिव्यांवरूनच मला कळलं, अजून वेळ आहे. माझ्या मायचं मन एका कोकरानं बदललं असं मी म्हणणार नाही, तसं ते होत नाही. पण बाबांच्या मागं माय आर्वीला माझ्याकडं राहायला आली, आणि आजारी पडली की औषध तिला कौतिकाच्याच हातचं लागायचं.

मागच्या आठवड्यात वर्ध्याजवळ नालवाडीला तिच्या घरी जाऊन आले. खोलीत पलंगावर नवी चादर घातलेली, उशाशी चष्मा. सून चहा ठेवायला आत गेली तेव्हा विनोद म्हणाला, मावशी, मायची एक सवय आम्हाला कधी कळली नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी दर दोन दिवसांनी ती उजव्या हाताची नखं काढायची. अगदी कातडीलगत, आणि कानशीनं घासून गुळगुळीत. डाव्या हाताची मात्र वाढली तरी चालायची. दवाखान्यातसुद्धा शेवटी हात थरथरायला लागले तेव्हा सुनेकडून काढून घेतली, आणि अंगठ्यानं एकेक नख तपासून पाहिलं. काऊन असंल हे, मावशी?

मी त्याला सांगितलं... कुणाची हाक कधी येईल याचा नेम नसतो बाबा, आणि आत जायचं ते त्याच हातानं.