चार मार्क कमी

निकाल लागला तेव्हा आई आणि मी लातुरातच होतो. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी क्लासजवळ एक खोली घेऊन आम्ही दोघींनी दोन वर्षं काढली होती. बाबा भोकरजवळच्या आमच्या गावी शेती बघत एकटेच राहिले होते. मार्क कळले तशी आईनं शेजारच्या खोल्यांत साखर वाटली. मी मात्र मोबाइलवर नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी मेडिकलचा मागच्या वर्षीचा कटऑफ काढला. माझ्यापेक्षा चार मार्क वर होता.

तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"विष्णुपुरीला लागतंय ना गं माय?"

"हाव, लागतंय," मी म्हणाले.

का म्हणाले, मला आजही नीट सांगता येत नाही. दुसऱ्याच दिवशी बाबा माहूरला जाऊन देवीपुढे नारळ फोडून आले आणि भोकरच्या स्टँडवर भेटेल त्याला सांगत सुटले, की पोरगी आता नांदेडातच डॉक्टर होणार. त्यानंतर बाबांचा फोन वाजला की मी तो घेऊन खोलीबाहेर जायची. ते रोज तेच विचारायचे, मी रोज तेच सांगायची. जेवण जाईना. आईला वाटलं, पित्त झालंय.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला आम्ही नांदेडला मामाकडे आलो. त्याच्या गल्लीत एका चाचांचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. आई बाहेर बाकावर बसली. मी आधीच लिहून आणलेला कागद चाचांपुढे सरकवला. त्यात विष्णुपुरी अगदी शेवटी होतं.

"बेटा, तुला कुठं जायचंय?"

मी त्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"मंग ते खाली काहून?"

"कटऑफ वर आहे. ते पहिलं टाकलं आणि नाही लागलं, तर बाकीचीपण जातील."

"न्हाई जात. यादी वरून खाली बघत येतेत. जिथं तुझे मार्क पुरले, तिथं थांबतेत. वरचं एखादं लागलं तर खालचं कुणी बघतबी न्हाई." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अन् मागच्या सालचा कटऑफ म्हणजे शेवटी आत गेलेल्या लेकराचे मार्क. औंदा किती लागंल, कुणालाच ठावं न्हाई. खाली येईल, वरबी जाईल. घरी सांगितलंस का हे?"

मी बाहेर आईकडे बघितलं. चाचांनी विष्णुपुरी सगळ्यात वर टाकलं.

यादी लागली त्या सकाळी मोबाइलवर माझा पासवर्ड दोनदा चुकला. विष्णुपुरीचा कटऑफ आणखी चढला होता. मी नऊ मार्कांनी बाहेर. कोकणातलं एक सरकारी कॉलेज लागलं होतं. आई रडली ती आनंदानं. मला मात्र गावाकडची एसटी दिसत होती.

गावी पोचलो तेव्हा बाबा गोठ्यात होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कटऑफचं आणि फोनवरच्या खोटेपणाचंसुद्धा. त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली.

"मंग हाव काहून म्हणत राहिलीस?"

"भ्या वाटलं."

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आता हात उचलतील असं मला वाटलं. मग म्हणाले, "तुझा आवाज पडला व्हता. लातुरात लेकरं जिवाचं कायबी करून घेतेत, असं ऐकलेलं. म्हणून रोज फोन करत व्हतो. मला दुसरं काय इचारावं, ते सुचंना."

चौथ्या दिवशी आम्ही कोकणात पोचलो. कागदपत्रांच्या रांगेत बाबांनी माझी फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. क्लार्क एकेक मूळ कागद उलटत होता आणि प्रत्येक कागदाला बाबा माझ्याकडे बघत होते. शिक्का पडला. आम्ही बाहेर पायरीवर येऊन बसलो. भोकरच्या स्टँडवर ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांतल्या पहिल्या माणसाला बाबांनी तिथूनच फोन लावला.

"विष्णुपुरीला न्हाई लागलं," ते म्हणाले. "कोकणात लागलंय. सरकारीच हाय."