निवडलेला तांदूळ

प्रज्ञाच्या आईने माझ्यासमोर स्टीलचा डबा ठेवला आणि झाकण उघडलं. आत तांदूळ होता. पांढराशुभ्र. खडा नाही, भुसा नाही, किडा तर औषधालाही नाही.

“पाहा मॅडम,” त्या म्हणाल्या, “गच्चीवर उन्हात घातला. चाळला, निवडला. पोट्टीचं अर्धं काम करून देलं म्या.”

प्रज्ञा दारात उभी होती. तिनेच फोन करून मला बोलावून घेतलं होतं. फोनवर फक्त “मैडम, आप आ जाइए” एवढंच म्हणाली होती. मी डब्यात बोटं घातली, तांदूळ वरखाली केला आणि “छान झालाय” म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्या डब्यात तिची पीएच.डी. होती, आणि ती निवडून झाली होती.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट. रायपूरच्या एका संशोधन संस्थेतून अलीकडेच निवृत्त झाले. जन्मभर एकच काम केलं, किड्यांच्या पोटातल्या बॅक्टेरियांचं. बॅक्टेरिया म्हटलं की लोकांना रोग आठवतो, पण काही बॅक्टेरिया किड्याच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड करून राहतात आणि भाडंही चुकतं करतात. तांदळात होणारा सोंडाच घ्या. तो काळा, टणक, पुढे सोंड असलेला बारका किडा. नुसत्या तांदळावर जगून असं टणक कवच होत नाही, त्याला लागणारा ऐवज तांदळात फार थोडा असतो. तो ऐवज आतला बॅक्टेरिया तयार करून देतो. आई अंड्यातूनच तो पोरांना देते. एकदा कवच तयार झालं की सोंडा बहुतेक सगळे बॅक्टेरिया पचवून टाकतो. मादी तेवढी पुढच्या पिढीसाठी थोडे राखून ठेवते.

माझ्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या प्रज्ञाचं काम बॅक्टेरिया नसलेल्या सोंड्यांवर होतं. किडे बरेच दिवस गरम, दमट हवेत ठेवले की किडा कसाबसा तगतो, आतला बॅक्टेरिया मरतो. मग पिढी दर पिढी तपासत बसायचं, की खरंच काही उरलं नाही ना. असा सोंडा काळा होत नाही, लालसर राहतो. कवच मऊ, अंगात जोर नाही. या वंशाला आम्ही ‘लाइन’ म्हणतो. धान्यात विष न घालता सोंड्यांना असं लेचंपेचं करता आलं, तर धानावर जगणाऱ्या छत्तीसगढला ते हवंच होतं. प्रज्ञाने फेलोशिपचा बहुतेक काळ ही लाइन उभी करण्यात घातला होता. दोन वेळा फसली, तिसऱ्यांदा जमली. आता फक्त शेवटचे प्रयोग उरले होते.

आणि तेव्हाच ऑफिसची नोटीस आली. कुठलीतरी तपासणी समिती येणार, म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत सबंध इमारतीला पेस्ट कंट्रोल.

मी रजिस्ट्रारकडे गेले. “सर, माझ्या लॅबमध्ये किडे आहेत.”

“इसीलिए तो करवा रहे हैं, मैडम.”

त्यांना समजावण्यात माझा अर्धा तास गेला. औषधाचा वास एका खोलीपुरता थांबत नाही, त्यामुळे शेवटी किड्यांनाच बाहेर काढायचं ठरलं. शंकर नगरात माझ्या घरी रंगाचं काम चालू होतं, थिनरच्या वासात सोंडे टिकले नसते. प्रज्ञा म्हणाली, “मैं ले जाती हूँ मैडम, घर में शांति है.”

घर बीरगावात. वडील उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लांटमध्ये, दोन खोल्या, वर गच्ची. तिने फळीवर जार मांडले. त्यांच्यावर काळ्या मार्करने लिहिलेलं होतं: A+ आणि A−, म्हणजे बॅक्टेरिया असलेले आणि नसलेले. आईला बजावलं, “मम्मी, इसको हाथ मत लगाना, लैब का है.” आई मराठीत विचारायची, पोरगी हिंदीत उत्तर द्यायची. आमच्याकडे निम्म्या मराठी घरांतून असंच चालतं.

रोज संध्याकाळी प्रज्ञा पांढऱ्या कागदावर तांदूळ पसरून बसायची आणि मऊ ब्रशने नवीन किडे वेगळे करायची. आई हे पाहत होती, आणि पाहून तिने आपला अर्थ लावला. एवढी शिकवली पोरगी, आणि हे कालेजवाले तिला घरी तांदूळ निवडायला देतात. मान दुखेपर्यंत एकेक किडा वेचायला लावतात. हात लावू नको म्हणते ती लाजेने म्हणते.

प्रज्ञा सेमिनारसाठी बिलासपूरला गेली आणि आईने जार गच्चीवर नेले. ऑक्टोबरचं ऊन. चादर अंथरली, तांदूळ पसरला. जीव मारायचा नाही, किडे उन्हाने आपोआप चालते होतात. हे कोणत्या घरात करत नाहीत? मीही केलं आहे. मग चाळून, निवडून, A+ आणि A− सगळं एका डब्यात.

मी डबा घेऊन लॅबमध्ये आले. रडण्यात अर्थ नव्हता, कारण थोडी आशा होती. सोंड्याची मादी तांदळाच्या दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवते. अळी दाण्यातच वाढते. म्हणजे तो पांढराशुभ्र तांदूळ रिकामा नव्हता. त्यातून एक जरी बिनबॅक्टेरियाची मादी निघाली असती, तर लाइन पुन्हा उभी राहिली असती. दोन्ही वंशांची मिसळ झाली होती, पण त्याने अडत नव्हतं. बॅक्टेरिया आईकडून येतो, बाप कोणीही असो.

आम्ही थांबलो. महिन्याभरात किडे निघू लागले. नवा सोंडा आधी लालसरच असतो, काळा व्हायला काही दिवस जातात. त्यामुळे रोज सकाळी आशा आणि चार दिवसांनी निराशा, असा खेळ चालला. प्रज्ञा एकेक किडा वेगळ्या कुपीत ठेवून त्याच्यावर डोळे लावून बसायची. एकदा पळत माझ्या खोलीत आली. “मैडम, ये वाला अभी तक लाल है.” आम्ही दोघी त्या किड्याभोवती अशा बसलो, जसं घरात कोणी आजारी आहे. दोन दिवसांनी तोही काळा झाला.

सगळेच काळे झाले. नाजूक होते ते दाण्याच्या आतच उन्हाने गेले. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. पण कोणावर काढणार?

नवी लाइन करायची तर फेलोशिपला मुदतवाढ हवी होती. मी म्हटलं, “अर्जात झालं ते लिही. घरी ठेवावे लागले, तिथे अपघात झाला. फेलोशिपच्या समितीला पटेल.”

“नहीं मैडम. वो लोग पूछेंगे क्या हुआ, फिर हँसेंगे. किसी दिन मम्मी तक बात पहुँचेगी.” मग ती थांबली आणि मराठीत म्हणाली, “आईले कधीच नाही समजलं पाहिजे. तुम्ही वचन द्या मले.”

ती माझ्याशी मराठीत तेव्हाच पहिल्यांदा बोलली. मी वचन दिलं. अर्जात ‘तांत्रिक कारणामुळे’ असं लिहिलं.

डायरेक्टरनी मला बोलावलं. “तांत्रिक म्हणजे नेमकं काय?”

“लाइन गेली, सर.”

“कशी?”

“ते सांगता येणार नाही.”

“मग मला सही करता येणार नाही.”

त्यांचंही चूक नव्हतं. मुदतवाढ मिळाली नाही. प्रज्ञाने रजिस्ट्रेशन सोडलं आणि एका फूड कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागली. तिथे ती तांदळाचे नमुने तपासते आणि सोंडे दिसले की माल परत पाठवते. दिवाळीला मला मेसेज करते. मी लाइनबद्दल विचारत नाही, तीही काढत नाही. ते वचन मी द्यायला नको होतं असं मला वाटतं. मोडायला हवं होतं असं मात्र अजून वाटत नाही, आणि यातून माझी सुटका होत नाही.

परवा पंडरीच्या कापड बाजारात गेले होते. साडीच्या दुकानात प्रज्ञाच्या आई भेटल्या. लग्नाचा बस्ता बांधायला आल्या होत्या. प्रज्ञाचं ठरलं होतं. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, साड्या दाखवल्या, आणि दुकानदार आत गेल्यावर आवाज खाली आणला.

“एक विचारू का मॅडम? खरं सांगजा. पोट्टी हुशार नव्हती का हो?”

“फार हुशार होती.”

“मग काहून सोडलं तिनं? मी तर निवडूनही देलं होतं तिले.”

मी समोरच्या साडीच्या काठाकडे पाहत राहिले. “आमच्या लॅबचं मशीन बिघडलं,” मी म्हटलं. “तिचं सगळं काम त्यात गेलं. चूक आमची होती.”

त्यांनी मांडीवरची साडी घडी करून बाजूला ठेवली.

“मंग सांगाले पाहिजे होतं न तुम्ही,” त्या म्हणाल्या. “पोट्टी तेव्हापासून घरात मुकी झाली. मले वाटे, माह्याच हातून काही कमी पडलं असन.”

“नाही हो,” मी म्हटलं.

निवृत्त होण्याआधी मी लॅबमध्ये दोन नियम करून ठेवले. जारवर A+, A− च्या खाली हिंदीत लिहायचं, ‘ये कीड़े पाले हुए हैं, धूप न दिखाएँ.’ आणि नव्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात आपलं काम घरच्यांना, घरच्या भाषेत, समजावून सांगायचं. हा दुसरा नियम कागदोपत्री ‘बायोसेफ्टी’खाली येतो. तपासणी समितीचे लोक वाचून हसतात.

त्या प्रकाराच्या आधी एकदा मी प्रज्ञाच्या घरी चहाला गेले होते. तेव्हा तिच्या आईने कप हातात देताना मला विचारलं होतं, “मॅडम, आमची पोट्टी तुमच्याकडे नेमकं काय करते?” मला पुढे एका मीटिंगला जायचं होतं. “फार मोठं काम करते,” एवढंच मी म्हणाले होते.