पट्टेवाला मुराळी

आमच्याकडं लेक नांदायला गेली की ती आपल्या पायानं माहेरी येत नाही. तिला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. बाप, भाऊ, नाहीतर चुलता. त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी आला नाही तर पोरीनं सासरीच बसून राहायचं, मग माहेर शेजारच्या शिवारात का असेना. ही कसली बाई रीत, असं मी पुष्कळदा म्हणाले. पण मी म्हणून काय होतंय? मला भाऊ नव्हता, चुलता नव्हता. एकटा बा होता आणि त्याला वेळ नव्हता.

बा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही त्याला शिव्या द्यायला लागाल, आणि त्या द्यायचा हक्क माझा एकटीचा आहे.

तेव्हा मोगलाई होती. निजामाचं राज्य, कचेरीचा सगळा कागद उर्दूत. आमचं घराणं औतामागं चालणारं, पण बा लहानपणी मौलवीकडं जाऊन उर्दू शिकला. त्याच्याबरोबर गल्लीतल्या पिंजाऱ्याचा पोरगाही जायचा. त्याला अक्षर काही लागलं नाही, पण दोघांची दोस्ती जमली ती जमलीच. पुढं तो बापासारखा कमान खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजत हिंडायला लागला, आणि बा पाटोद्याच्या तहसील कचेरीत कारकून झाला. आमच्या भावकीत कचेरीच्या जाजमावर बसणारा तो पहिलाच.

कचेरीला सुट्टी जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी. मी लहान असताना त्या दिवशी सकाळी बा ओसरीवर धूळ पसरायचा आणि माझं बोट धरून बाराखडी गिरवून घ्यायचा. आज हे लिहितेय ते त्या धुळीच्या जोरावर. पोरीला कशाला अक्षर, म्हणून आई कुरकुरली की तो म्हणायचा, "असू दे गं. माझं डोकं कुणाला तरी मिळू दे." दुपारी पिंजारीकाका यायचे. दोघं बाजेवर बसून पान खात इतके हसायचे की आई आतून ओरडायची, "आरं, भिंत पडंल!"

मग बाला पेशकारकीचं वेड लागलं. पेशकार म्हणजे तहसीलदाराच्या शेजारी बसून त्याला कागद वाचून दाखवणारा. लोक तहसीलदाराच्या आधी त्याला सलाम घालायचे. जागा एक आणि टपून बसलेले पुष्कळ. तहसीलदार जुम्म्याला कामाला बंगल्यावर बोलवायचा. बाकीचे काही ना काही सबब काढायचे, बानं कधी काढली नाही. दौरा निघाला की हाच पुढं. घरात काहीही मागितलं की त्याचं एकच उत्तर, "पुढच्या जुम्म्याला." पिंजारीकाका येऊन बाजेवर एकटेच बसायचे, पान खायचे आणि "चलता हूँ भाभी" म्हणून उठायचे. माझ्या लग्नातसुद्धा अक्षता पडत होत्या तेव्हा बा तहसीलदाराच्या जेवणाची बडदास्त बघत होता.

सासर मिळालं नांदूरघाटच्या बाजूला. पाटोद्याहून बैलगाडीनं यायचं तर मधे एक मुक्काम पडायचा. घर खाऊनपिऊन सुखी. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गावात मान होता. कुणाचं भांडण झालं की चावडीवर त्यांच्याच शब्दानं मिटायचं. सासूही जीव लावणारी. मला तिथं दुःख नव्हतं. पण सासर कितीही चांगलं असलं तरी नव्या सुनेचा जीव पंचमी आली की माहेरी पळतो. झोके, मेंदी, आईच्या हातची पुरणाची दिंडं. गावातल्या सगळ्या नव्या सुना वेशीकडं कान लावून बसायच्या. गाडीच्या घुंगरांचा आवाज आला की "कुनाचा गं, कुनाचा?" अशी एकच गडबड व्हायची, आणि एकेक जण बोचकं घेऊन निघून जायची.

पहिल्या पंचमीला मीही बोचकं बांधलं. सगळ्यांच्या गाड्या गेल्या. बाचा निरोप आला तो एका वाटसराकडून: जिल्ह्याचा साहेब दौऱ्यावर येणार आहे, दिवाळीला नक्की येतो. दिवाळीला जमाबंदीचं काम निघालं. संक्रांतीला आणखी काहीतरी. पाणवठ्यावरच्या पोरी चिडवायच्या, "तुज्या बाचा जुम्मा वर्साला येतो का गं?" मी त्यांच्याबरोबर हसायची आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला रडायची. सासूला कळायचं. ती म्हणायची, "बाई, मी काय तुला बांधून ठिवलीय व्हय? दारात मानूस येऊ दे, उभ्या पावली लावून देते. पर मानूसच न्हाई तर कुनासंगं धाडू?" आणि आई तरी कशी येणार? लेकीला लेकरू होत नाही तोवर आई लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही.

हिवाळ्यात पिंजारीकाका कमान घेऊन गाद्या पिंजायला आमच्या गावी आले. ओसरीवर कापसाचा ढीग, कमानीच्या तांतीचा टण्णटण्ण आवाज, आणि मी दाराआडून विचारतेय, "आई कशी हाय काका?"

"भाभी सुकली बेटी," ते कापसातून मान वर न काढता म्हणाले. "पंचमीला दिंडं केलती. तुज्या वाटनीची काढून ठिवलती. मंग गाईला घातली."

"आन् बा कावून येत न्हाई?"

"मला काय इच्यारती? मला बी जुम्म्याला ये म्हनतो. जावं तर घरात भाभी आन् बाज." त्यांनी कमान खाली ठेवली. "तुजा बाप लई मोठा व्हनार हाय बेटी. सगळे म्हनतेत."

दुसरी पंचमी आली. मी ठरवलं होतं की यंदा बोचकं बांधायचंच नाही. आणि भर दुपारी वेशीतून सरकारी छकडा आत आला. पुढं तहसीलचा शिपाई, छातीवर लाल पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला चमकतोय.

आता बाच्या मनात काय होतं ते मला पुढं कळलं. त्याला स्वतःला येणं जमत नव्हतं, म्हणून त्यानं हातापाया पडून तहसीलदाराकडून छकडा आणि पट्टेवाला मागून घेतला होता. केवढा मान! कुणाची लेक अशी सरकारी इतमामानं माहेरी जाते? खरंच त्याला असं वाटलं हो. कचेरीत इतकी वर्षं बसून तो विसरूनच गेला होता की खेड्यातल्या माणसाला तो पट्टा कसा दिसतो. मोगलाईत पट्टा गावात यायचा तो वेठीला माणसं धरायला, साहेबासाठी कोंबड्या-तूप उचलायला, नाहीतर कुणाला तरी पकडून न्यायला. पट्टा दिसला की बाया कोंबड्या डालायच्या आणि बाप्ये मागच्या दारानं रान गाठायचे.

शिपाई थेट चावडीवर गेला. मामंजींचं नाव घेऊन मोठ्यानं म्हणाला, "कहाँ है? पाटोदा तहसीलसे बुलावा है!"

मामंजी उठले. सगळ्या गावासमोर त्यांनी हात जोडले. ज्यांच्या पुढं लोक हात जोडायचे त्यांनी. म्हणाले, "हुजूर, काय गुन्हा झाला?" शिपायाला मजा वाटली असणार. लागलीच काही न सांगता तो आमच्या घरी आला, बाजेवर बसला, दूध प्याला, भाकरी खाल्ली. सासू देवापुढं हात जोडून बसली होती. मी मात्र 'पाटोदा' एवढाच शब्द ऐकला होता. आत जाऊन वेड्यासारखं बोचकं बांधत होते. शेवटी मिशा पुसत शिपाई म्हणाला, "तुमच्या सुनेला माहेरी न्यायला आलोय. कारकूनसाहेबांचा हुकूम हाय."

दारात गाव जमलं होतं. आधी कुणाला कळेना, आणि मग एकदम हशा पिकला. "घरचं झालं थोडं आन् याह्यानं धाडलं घोडं!" कुणीतरी ओरडलं. "घोडं न्हवं बे, शिपाई!" दुसऱ्यानं भर घातली.

मामंजींचा चेहरा मी दाराच्या फटीतून बघितला. देव करो आणि कुणाला असा चेहरा बघायला न लागो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "शिपाई धाडून चोराला नेतेत. ही माजी सून हाय. तुमच्या साहेबाला म्हनावं, लेक पायजे तर सोता यावं, माज्या घोंगडीवर बसावं आन् न्यावं. तवर तिचा पाय येशीभाईर पडनार न्हाई."

छकडा रिकामा गेला. मामंजींचा मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर शिपायाचा बिल्लाच उपटून घेतला असता. राग आला तो बाचा. शिपायाला सांगायला त्याला वेळ मिळाला, छकडा मागायला मिळाला, सगळ्याला मिळाला. गाडीत बसायला तेवढा मिळाला नाही. आणि वर तोच रुसला! एवढा मान दिला आणि याह्यानं अपमान केला, म्हणून कचेरीत सांगत सुटला. आईला म्हणाला, "एकदा पेशकार हू दे मला. मंग मीच जातो, त्याच्या घोंगडीवर बसतो, काय म्हनंल ते ऐकतो. एवढी जागा हू दे." आईनं म्हणे त्या छकड्यासाठी सकाळपासून अंगण सारवून ठेवलं होतं.

दिवाळी तोंडावर आली होती. पिंजारीकाका यायचे दिवस अजून लांब होते, तरी ते आले. खांद्यावर कमान नव्हती. मामंजी म्हणाले, "काय मियाँ, आज मोकळंच?" काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "भाभी गेली. ताप व्हता. कुनाला वाटलंच न्हाई जाईल म्हनून."

मामंजी उठले आणि स्वतः बैल जुंपायला लागले. मी खुळ्यासारखी उभी. तोंडातून काय निघावं? मी म्हणाले, "मामंजी, मुराळी?"

त्यांनी जू तसंच हातात धरलं. "मरनाला मुराळी लागत न्हाई, पोरी. बस गाडीत."

अशी मी वेशीबाहेर पडले. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आई आजारी असताना बा तहसीलदाराबरोबर कडा गावी होता, साहेबाच्या मुक्कामावर. त्याला सांगावा पोचून तो येतो तोवर तिला उचलायची वेळ झाली होती. ओसरीवर तो धुळीनं भरलेल्या शेरवानीत बसला होता. मामंजी त्याच्या शेजारी जाऊन बसले. दोघांत घोंगडीचा विषय निघाला नाही. सुतकातच पेशकारकीचा हुकूम आला. येणाऱ्या माणसांना कळेना, रडायचं का मुबारक म्हणायचं. काहीजण दोन्ही करून गेले. बा सगळ्यांना नुसती मान हलवत होता.

पुढच्या पंचमीला गावात पहिली गाडी आली ती बाची. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तो मामंजींच्या घोंगडीवर बसला, हात जोडून म्हणाला, "चुकलं माजं. लेकीला न्यायाला आलोय." मामंजींनी त्याचे हात धरून खाली घेतले. सासू मला म्हणाली, "जा बाई, आवर." आत जाऊन मी बोचक्याचं फडकं पसरलं, आणि त्यात काय ठेवायचं ते मला सुचेना. तशीच बाहेर आले.

"बा, कुनाला भेटाया येऊ मी?"

सासू चपापली. बा हळूच म्हणाला, "मला."

एवढ्या वर्षांत माहेर म्हणजे माझ्या लेखी आईच होती. हाही तिथं राहतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी गेले.

त्यानं रजा घेतली होती. पेशकारानं सणाला रजा घेतली म्हणून कचेरीत बोभाटा झाला होता, असं त्यानंच वाटेत सांगितलं. घरी मी चूल पेटवली, विचारलं, "काय करू खायाला?" तो म्हणाला, "कायबी." त्याला काय आवडतं ते मला माहीत नव्हतं, आईला माहीत होतं. जेवून आम्ही समोरासमोर बसलो. गल्लीत पोरी झोक्यावर गात होत्या. तो म्हणाला, "तिकडं पाऊसपानी कसं हाय?" कचेरीत आलेल्या शेतकऱ्याला विचारावं तसं. मी म्हणाले, "बरं हाय." मग तो घसा खाकरला. मी पदर नीट केला. दुसऱ्या दिवशीही तेच. मला त्याची कीव यायची, आणि कीव आली की जास्तच बोलता यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शेरवानी घालून दारात उभा राहिला. "जरा कचेरीत डोकावून येऊ का? तू म्हनशील तर थांबतो."

"जावा की," मी म्हणाले.

तो झपाझप गेला. कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला तेव्हा मी चौकटीला टेकून बसले. ज्याची वाट बघत मी ती सगळी वर्षं काढली, तो घरातून गेला म्हणून मला हायसं वाटलं होतं.