फौज सगळी सोयऱ्यांची

देवानंद अमरावतीच्या बाजारात फुलं विकतो. शेवंती, निशिगंध, झेंडू, सगळं घरच्या मळ्यातलं. वय पंचेचाळीस, आणि एवढ्या वर्षांत तो कशातही पहिला आला नाही. हे त्याला फार डाचायचं. अकोल्यात टेबलावरच्या लढाईची स्पर्धा आहे असं कळलं आणि गडी पेटला. बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक रंगवायचे आणि फासे टाकून लढवायचे, असा तो खेळ. प्रत्येक सैनिकाचं नाव आणि पूर्वेतिहास लिहून दिला तर जादा गुण.

चाळीस नावं कुठून आणायची? यानं आणली सोयऱ्यांतून. मी, त्याचा जुना दोस्त, म्हटलं होतं, बाबा रे, नसती बला मागे लावून घेऊ नको. ऐकेल तर शपथ! सासरे खुशालराव यांच्या नावापुढे वहीत लिहिलं, 'पहारेकरी. पहिल्याच हल्ल्यात ठार.' बायकोनं, गीतांजलीनं, ती वही फोनवर माहेरी वाचून दाखवली.

आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेत एखादा काका राहून गेला, तर तो लग्नाला येतो, पण जेवत नाही. सगळ्यांना दिसेल असा नुसता बसून राहतो. या वहीवरूनही सोयरे तसेच रुसले. दिवसभर फोन. "गोवर्धन सुभेदार, अन् मी शिपाई कावून?" खुशालराव तर बसनं घरी आले आणि समोर बसून लिहवून घेतलं, "सरसेनापती. सतरा लढाया. आंगावर एक ओरखडा नाई."

आठ दिवसांत फौजेत एक सरसेनापती, तेहतीस सरदार, पाच प्रधान आणि एक घोडा झाला. घोड्याचं कोणी सोयरं नव्हतं, म्हणून तो बिचारा घोडाच राहिला.

तरीही देवानंद अंतिम फेरीत पोचला, कारण खेळतो तो झकास. समोर अकोल्याचा अश्विन, बँकेत नोकरीला. टेबलाशेजारी खुर्ची टाकून, कडक इस्त्रीचं धोतर नेसून खुशालराव जातीनं हजर. शेवटचा डाव आला. सरसेनापती पुलावर उभा राहिला तर मरणार हे नक्की, पण तेवढ्यात मागची फौज पूल ओलांडणार आणि पहिला नंबर देवानंदचा.

देवानंदनं सासऱ्यांकडे पाहिलं. मग सरसेनापतीला दोन बोटांत धरून मागे नेऊन ठेवलं. पुढच्या दोन चालींत पूल अश्विननं घेतला, आणि पहिला नंबरही. मला खरंच वाईट वाटलं, आणि रागही आला, की अरे, प्लास्टिकचा आहे तो!

परतीच्या वाटेवर आम्ही तिघं मूर्तिजापूरला चहाला थांबलो. म्हाताऱ्यानं चहा बशीत ओतला.

"जवाईबापू, मले मांगं कावून घेतलं?"

"तुमाले मारू कसा, मामाजी?"

"अन् आता गावात काय सांगू? पूल सोडून पयालो म्हणून?"

देवानंदचा आवाज चढला. सासऱ्यांपुढे तो पहिल्यांदाच असा बोलला असावा. "मारलं असतं तं बोलले असते का तुमी माह्यासंगं?"

खुशालरावांनी बशीतला चहा सावकाश संपवला, मिशी पुसली.

"नसतो बोललो," ते म्हणाले. "पन तुमी जितले तं असते."